वस्तूचे गाव विचारा

अपरिचित ठिकाणांच्या याद्या हल्ली पुष्कळ मिळतात. पण यादीत आलेले ठिकाण वर्ष-दोन वर्षांत परिचित होऊन जाते आणि आपण पुन्हा दुसऱ्याच्या पसंतीवर फिरायला लागतो. त्यापेक्षा एक साधी रीत सांगतो. तुम्हाला आधीपासून माहीत असलेली एखादी नामांकित वस्तू घ्या. संग्रहालयातली मूर्ती, किल्ल्यावरची तोफ, घरोघर वाचला जाणारा ग्रंथ, देवीचा पलंग, काहीही चालेल. ती आज जिथे आहे तिथे आली कुठून, एवढेच विचारा. उत्तरादाखल जे गाव निघते ते बहुतेक वेळा कुठल्याच यादीत नसते. शिवाय तिथे नेमके काय पाहायचे हे निघण्याआधीच ठाऊक झालेले असते, त्यामुळे नुसते फोटो काढून परतायची वेळ येत नाही.

ही रीत हाताशी बसवायला धाराशिव जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. बाहेरच्या माणसाला इथले तुळजापूर माहीत असते. सोलापूरला उतरायचे, भवानीचे दर्शन घ्यायचे, कवड्याची माळ आणि हळदकुंकू घेऊन परत फिरायचे, हा बहुतेकांचा ठरलेला कार्यक्रम. तुळजापूर सोडून जिल्ह्यात आणखी सात तालुके आहेत, हे त्यांच्या गावीही नसते. त्या तालुक्यांत शिरायला नकाशापेक्षा वस्तूंचा माग जास्त कामी येतो.

पहिला माग थेट इटलीतून सुरू होतो. १९३८ साली पाँपेई इथे अमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला हस्तिदंताची वीतभर उंचीची एक स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात हार, हात बांगड्यांनी भरलेले, पायांत जाडजूड वाळे आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अभ्यासक तिला यक्षी मानू लागले आणि ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान मेजाचा पाय असावी, असे म्हणू लागले. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाली आणि तशीच एक धाराशिव तालुक्यात तेरणा नदीच्या काठी, तेरला.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची आणि बाजारांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे आणि तिथून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचला येते, असे तो सांगतो. हे तगर नेमके कुठले यावर विद्वानांनी बराच काळ घोळ घातला. कुणी देवगिरी म्हणाले, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे दाखवून दिले आणि लगेच पुढच्या काळात हेन्री कझन्स यांनी इथल्या विटांच्या मंदिरांची पाहणी करून ती जगापुढे आणली.

मुंबई-ठाण्याच्या वाचकाला याच गावाकडे यायला दुसरी, घराजवळची वाट आहे. अंबरनाथचे शिवमंदिर ज्या शिलाहारांच्या काळातले, ते शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारी घराणी शेकडो वर्षे अभिमानाने सांगत राहिली की आम्ही मूळचे तगरचे. अंबरनाथचे देऊळ पाहिलेल्या किती जणांनी तेर पाहिले असेल?

तेरला गेलात की आधी त्रिविक्रम मंदिरात जा, आणि समोरून दर्शन झाल्यावर बाहेर येऊन देवळाला पूर्ण वळसा घाला. हे मुद्दाम सांगतो, कारण खरी गंमत मागच्या बाजूला आहे. समोरचा सपाट छपराचा मंडप पुढच्या काळातला आहे. मागचा भाग विटांचा असून त्याची भिंत कोपरा न घेता गोल फिरते आणि वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे वळते. कार्ले-भाजे इथे डोंगराच्या पोटात कोरलेला चैत्य आपण आतून पाहतो. तसाच चैत्य मोकळ्या जागेवर विटांनी बांधला तर बाहेरून कसा दिसेल, ते इथे कळते. मुळात हा बौद्ध चैत्य असावा आणि पुढे तो विष्णूचे देऊळ झाला, असे अभ्यासक मानतात. असे दुसरे उभे उदाहरण शोधायचे तर आंध्रात चेझर्ला इथल्या कपोतेश्वर मंदिरापर्यंत जावे लागते. भिंतीला हात न लावता विटांचे आकार नीट पाहा. आपल्या आजच्या विटांपेक्षा त्या मोठ्या आहेत.

गावातल्या उत्तरेश्वर मंदिराचीही वीट बघण्यासारखी आहे. त्याची कोरीव लाकडी दारचौकट मात्र आता संग्रहालयात आहे आणि ती चुकवू नका. एवढ्या जुन्या लाकडी कामाचे नमुने महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. हे संग्रहालय कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांच्याच संग्रहावर उभे आहे. तेरच्या आसपास जुन्या वस्तीची पांढरीची टेकाडे आहेत. पावसाचे चार जोराचे सडाके पडून गेले की त्या मातीतून मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजक्या मातीच्या बाहुल्या वर येतात. लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या, जपल्या, आणि पुढे त्या सरकारच्या स्वाधीन झाल्या. संग्रहालयातले बारीक मणी पाहताना घाई करू नका. काही मणी इतके लहान आहेत की त्यांना भोक कसे पाडले असेल, याचाच विचार करत माणूस काचेसमोर उभा राहतो. सरकारी संग्रहालये साधारण सोमवारी बंद असतात, तेव्हा तो वार टाळा आणि सणाच्या दिवशी जायचे असेल तर आधी चौकशी करा.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. तेरला किंवा कुठल्याही जुन्या गावी कुणी तुम्हाला नाणे, मणी, मूर्तीचा तुकडा विकायला आणला तर घेऊ नका, अगदी पाच-दहा रुपयांचा असला तरी. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा निखात निधी कायदा आणि पुरावस्तूंना १९७२ चा कायदा लागू होतो, हा एक भाग. त्याहून मोठे नुकसान असे की टेकाडाच्या कुठल्या थरात वस्तू मिळाली ही माहिती एकदा गेली की वस्तू मुकी होते. तुम्ही एक मणी विकत घेतलात की दुसऱ्या दिवशी चार पोरे खुरपी घेऊन टेकाडावर चढतात. आवड दाखवायची असेल तर त्या पोरांना घेऊन संग्रहालयात जा आणि तसाच मणी काचेत दाखवा.

तेर वारकऱ्यांना वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. हे गोरोबाकाकांचे गाव. तेरणेच्या काठी संत गोरा कुंभारांची समाधी आहे आणि चैत्र वद्य त्रयोदशीच्या पुण्यतिथीला इथे मोठी यात्रा भरते. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कुणाचे मडके पक्के, कुणाचे कच्चे हे गोरोबांनी पाहिले आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा परंपरेने इथलीच. रोमला माल पाठवणारे शहर आणि चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात हरवलेला कुंभार, दोघांचा पत्ता एकच. यात्रेत गेलात तर गाव माणसांनी फुललेले दिसेल, पण देवळे आणि संग्रहालय निवांत पाहायचे असेल तर यात्रेचे दिवस सोडून जा. धाराशिव शहरापासून गाडीने तास-पाऊण तासात तेर येते.

तेरच्या जोडीने धाराशिव लेणी करावी. शहरापासून आठेक किलोमीटरवर बालाघाटाच्या डोंगरात ही सात लेणी आहेत आणि त्यांचाही माग एका पोथीतून निघतो. अकराव्या शतकात मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ नावाचे काव्य रचले. त्यात राजा करकंड तेरापूरजवळच्या डोंगरातले लेणे आणि त्यातली पार्श्वनाथाची मूर्ती पाहतो. हे काव्य डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित करून १९३४ मध्ये विदर्भातल्या कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले. लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तुम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या प्रशस्त लेण्यात उभे राहून, अजिंठा आठवत, खांबांची मांडणी आणि गाभाऱ्यातली मूर्ती पाहून आपले मत बनवा. लेण्यांत वीज नसते हे धरून चांगली विजेरी जवळ ठेवा आणि उजेड तिरपा पाडा. समोरून उजेड मारला तर झिजलेले कोरीवकाम दिसतच नाही.

आता विजापूर. गोल घुमटाखाली टाळी वाजवून झाली की पर्यटक शेर्झा बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ पाहायला जातात. सिंहासारख्या जनावराच्या जबड्याच्या आकाराचे तिचे तोंड, ५५ टनांच्या आसपास वजन. ती विजापूरची नाही. १५४९ मध्ये ती अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेण्यात आली. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ नेताना भीमेत बुडाली, असे सांगतात. एवढे अवजड धूड ज्या किल्ल्यावर चढवले होते तो किल्ला कसा असेल, हा प्रश्न पडला की परंडा गाठायचे.

परंडा हा भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही, म्हणून सगळी भिस्त खंदकावर, दुहेरी तटावर आणि वळणावळणाच्या दरवाजांवर. अहमदनगर १६०० मध्ये मोगलांनी घेतले तेव्हा मलिक अंबरने मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवून काही काळ राज्यकारभार इथूनच चालवला. १६३४ मध्ये शाहजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान यांनी वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. दारातून आत शिरताना प्रत्येक वळणावर थांबा आणि मागे वळून, वरून आपल्यावर कुठून मारा होऊ शकेल ते पाहा. भुईकोट समजून घ्यायची याहून चांगली पद्धत नाही. बुरुजांवर अजून तोफा आहेत. आतल्या मशिदीचे खांब जवळून पाहा, त्यांतले कोरीवकाम आधीच्या मंदिरांची आठवण देते. तटावर गवत माजलेले असते, पावसाळ्यानंतर पायांत बूट हवेतच आणि एकट्याने तटाच्या कडेला जाऊ नये. बार्शीहून परंडा पंचवीस-तीस किलोमीटर आहे. मुक्कामासाठी बार्शीच सोयीची.

परंड्यापर्यंत आलात तर त्याच तालुक्यात सीना नदीवरचे डोमगाव सोडू नका. दासबोध बहुतेक मराठी घरांत असतो. समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतले, हेही सर्वांना माहीत असते. पण कल्याणस्वामींनी पुढे मठ केला तो डोमगावला आणि त्यांची समाधी तिथेच आहे, हे सज्जनगडाला दरवर्षी जाणाऱ्यांनाही कित्येकदा ठाऊक नसते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणांच्या हातच्या प्रतीवरून. आपण जो दासबोध वाचतो त्याचा पाठ या लहानशा गावातून आला. मठात गेल्यावर पोथीबद्दल अवश्य विचारा, पण ती पाहायला मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नका. जुनी पोथी ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे आणि तिच्या दर्शनाचे नियम मठाचे. फोनचा फ्लॅश तर अशा ठिकाणी बंदच ठेवावा. याच तालुक्यात सोनारीचा भैरवनाथ आहे. तिथे वानरांचा मोठा राबता असतो, हातातली पिशवी सांभाळा.

नळदुर्गचा माग इंग्रजी साहित्यातून लागतो. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा फिलिप मेडोज टेलर १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्गला जिल्ह्याचा अधिकारी होता. त्या वेळी जिल्ह्याचे मुख्य ठाणे नळदुर्गच होते, ते धाराशिवला आले १९०४ मध्ये. टेलरने आत्मचरित्रात नळदुर्गच्या मुक्कामाविषयी लिहिले आहे आणि १८६३ मध्ये आलेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे. एखादा परदेशी अधिकारी जिथे रमला त्या गावाविषयी त्याने काय लिहून ठेवले, हे वाचून तिथे जाणे फार फायद्याचे असते. आपल्याला सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी त्याने टिपलेल्या असतात. अर्थात तो राज्यकर्त्याच्या नजरेने बघत होता, ही जाण ठेवूनच वाचायचे.

नळदुर्गच्या किल्ल्याला बोरी नदीचा वेढा आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, किल्ला आणि पलीकडचे रणमंडळ यांना जोडणारा दगडी बांध नदीवर घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पायऱ्या उतरून तुम्ही बांधाच्या आत जाता. आत कोरडी, थंड दालने, भिंतीवर फारसी शिलालेख, आणि समोर उघडणारे सज्जे. नदी भरून वाहू लागली की बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. पाण्याचा पडदा सज्जाच्या पुढे पडत राहतो आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर तुषार सोडले तर काही येत नाही. एवढे पाणी डोक्यावरून जात असताना आतला दगड कोरडा राखायचा, हे ज्या कारागिरांनी साधले त्यांच्यापुढे हात जोडावेत असेच वाटते.

पण हे दृश्य वर्षभर नसते आणि दरवर्षीही नसते. वरच्या अंगाला कुरनूरचे धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटले तरच नर-मादी वाहतात. म्हणून ऑगस्टपासून सोलापूर-धाराशिवच्या वर्तमानपत्रांतल्या पावसाच्या बातम्यांकडे लक्ष ठेवा. धरण भरल्याची बातमी आली की येत्या रविवारची वाट न पाहता आडवारी जा, कारण रविवारी पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. पाणी नसतानाही नळदुर्ग पाहावाच. तेव्हा बांधकाम नीट न्याहाळता येते, उपळ्या बुरुजावर चढून नदीचा वेढा दिसतो आणि तटावरून निवांत चालता येते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच गाव आहे, एसटीची कमी नाही. सोलापूरहून तासाभराचे अंतर.

नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर यांच्यात एक अशी गोष्ट आहे जी कुठल्याही फलकावर दिसणार नाही. दोन्ही गावांचा खंडोबा एकच आहे, मंदिरे दोन. देव सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये रीतसर लेखी करार होतो. पौष पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा भरते. भंडाऱ्याने रस्ता पिवळा होतो, येळकोटाचा गजर होतो, हे सगळे जेजुरीलाही दिसेल. पण एका देवासाठी दोन गावे कागदावर शब्द देतात आणि पाळतात, हे पाहायला इथेच यावे लागेल. जायच्या आधी देव सध्या कुठे आहे, एवढे मात्र विचारून घ्या.

यातूनच दुसरी सूचना निघते. सांस्कृतिक ठिकाणी जायचे तर भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सुट्ट्या न बघता पंचांगातली तिथी बघा. तुळजापूरसारखे गाजलेले क्षेत्रही योग्य तिथीला गेलात तर नव्याने कळते. भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात: नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्याच्या वेळी देवीसाठी येणारा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघतो आणि वाटेतल्या गावांना दर्शन देत येतो. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. तुमचे गाव त्या वाटेवर असेल तर तुळजापूरला न जाताही तुम्ही या सोहळ्यात सामील होऊ शकता. रा. चिं. ढेरे यांची तुळजाभवानी आणि खंडोबा या दैवतांवरची पुस्तके वाचून गेलात तर समोर चाललेल्या विधीतला प्रत्येक मान कुणाचा आणि का, हे उमगायला लागते.

तसेच चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला जा. येडेश्वरीची पालखी डोंगरावरच्या देवळातून खाली आमराईकडे येते आणि वाटेत चुन्याच्या रानात जमलेले भाविक चुनखडीचे खडे वेचतात. देवळाच्या रंगकामाला लागणारा चुना असा हजारो हातांनी गोळा होतो. तुम्हीही वाकून चार खडे वेचा. कडेला उभे राहून नुसते चित्रण करणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही, आणि वेचायला लागलेल्या माणसाशी शेजारची बाई आपणहून बोलायला लागते. चैत्रातले ऊन कडक असते. डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली आणि सकाळची लवकरची वेळ, यांत हयगय नको.

भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. देशभूषण-कुलभूषण मुनींचे हे निर्वाणस्थान आणि १९५५ मध्ये आचार्य शांतिसागरांनी इथेच सल्लेखना घेतली. पायथ्याला पेढा घेतल्याशिवाय कुणी परतत नाही. भूम-वाशीचा हा सगळा पट्टाच खव्याचा. धाराशिव शहरात त्या खव्याचे गुलाबजाम खावेत, ते जिल्ह्याबाहेर तसे मिळत नाहीत. याच भूम तालुक्यातल्या माणकेश्वरच्या शिवमंदिराच्या बाह्यांगावरची शिल्पे पाहायला तासभर तरी ठेवा. आणि सांस्कृतिक म्हणजे फक्त जुने, असे समजू नका. कसबे तडवळे इथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. ते ज्या शाळेत उतरले होते ती जागा गाव अभिमानाने दाखवते. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व पुढे ज्यांनी केले, ते तिथल्या वर्गांतून घडत गेले. अशा जागी भव्य असे काही नसते. शाळेची ओसरी, एक फलक आणि सांगणारी माणसे असतात, म्हणून तिथे वेळ माणसांसाठी काढायचा.

माग काढायला साधने कोणती? सर्वांत आधी जिल्ह्याचे गॅझेटिअर. महाराष्ट्र शासनाचे उस्मानाबाद (म्हणजे आताचे धाराशिव) जिल्हा गॅझेटिअर सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. त्याचे शेवटचे प्रकरण गावांचे असते, अकारविल्हे लावलेले. आपण जाणार त्या तालुक्यातल्या सगळ्या गावांची नोंद तासाभरात वाचून होते. महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि मराठी विश्वकोश यांत एकेका दैवताचे, सणाचे धागे मिळतात. गॅझेटिअरमधली रस्त्यांची माहिती आता उपयोगाची नाही, पण एखाद्या बारवेचा किंवा शिलालेखाचा उल्लेख वाचून गावात विचारलेत तर लोक चकित होऊन स्वतः दाखवायला येतात.

विचारायचे कुणाला, हेही महत्त्वाचे. देवळात गुरव, किल्ल्यावर पहारेकरी, गावात शाळेचे गुरुजी आणि पारावर बसलेली म्हातारी माणसे. ‘इथे बघण्यासारखे काय आहे?’ असे विचारले की ‘काही नाही हो’ हेच उत्तर येते. ‘यात्रा कधी असते? पालखीचा मान कुणाचा? जुनी वेस कुठे होती?’ असे विचारा, मग बोलणे थांबत नाही. वयस्क माणसाला आजोबा, आजी, काका म्हणून हाक मारावी, चहाला नको म्हणू नये आणि सोवळ्याओवळ्याचे, चपला काढायचे, गाभाऱ्यात जायचे नियम न विचारता मोडू नयेत. दर्ग्यात डोके झाकावे. धाराशिवच्या हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या उरुसात सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात, तिथे पाहुण्याला कुणी परका मानत नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस फिरायला बरे. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा मिळाला तर दुसरे जेवण शोधू नका. तुळजापूर, धाराशिव आणि बार्शी ही तीन मुक्कामाची ठिकाणे धरून जिल्ह्याचे तीन भाग करा. तुळजापूरहून नळदुर्ग-अणदूर, धाराशिवहून लेणी, तेर आणि कसबे तडवळे, बार्शीहून परंडा, डोमगाव, सोनारी. कुंथलगिरी, माणकेश्वर आणि येरमाळा वाटेप्रमाणे जोडून घ्या. सगळे एका फेरीत उरकायचा प्रयत्न केलात तर गाडीतच दिवस जाईल. एसटीने जाणार असाल तर स्थानकावर परतीची शेवटची गाडी आधी विचारा, आडगावी संध्याकाळनंतर काळी-पिवळीवर भिस्त ठेवता येत नाही.

हीच रीत जिल्ह्याबाहेर, देशाबाहेरही चालते. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहायला गेलेल्या मराठी माणसाने तिथल्या भिंतीवरचा सरफोजीराजांच्या काळातला मोठा मराठी शिलालेख शोधावा आणि मग सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन मोडी कागदांची चौकशी करावी. देऊळ सगळेच पाहतात, लेखापुढे क्वचितच कुणी थांबते. मुलगी-जावयाकडे युरोपात गेलेल्या आईवडिलांनी नेपल्सच्या संग्रहालयात ती हस्तिदंती मूर्ती मुद्दाम विचारून पाहावी. ती तिथे ‘गुप्त दालन’ म्हणून वेगळ्या ठेवलेल्या कक्षात मांडलेली असते, त्या दालनाच्या वेळा वेगळ्या असू शकतात, तेव्हा तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. आणि जाण्याआधी तेरचे संग्रहालय पाहून घ्यावे, म्हणजे नेपल्सला काचेपुढे उभे राहून नातवंडांना सांगायला आपल्याकडे नुसत्या पाटीपेक्षा जास्त काही असेल.